काकू, पाटी राहू द्या

मित्रांनो, नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत कधी आलात, तर मुलींच्या एका हॉस्टेलपुढे गटारावर आडवी टाकलेली एक फळी तुम्हाला दिसेल. स्कूट्या आत घ्यायला बरी पडते म्हणून ती टाकली आहे. ती फळी म्हणजे मी. पण मी जन्माची फळी नव्हे. मी एक जुनी पाटी आहे, आणि जरा वाकून पाहिलंत तर चिखलाखाली माझी अक्षरं अजून दिसतील.

माझा जन्म याच घराच्या अंगणात झाला. घर बांधून झालं, दारं-खिडक्या बसल्या आणि सागाचा एक तुकडा उरला. घराचे मालक भाऊसाहेब कॉलेजात शिकवायचे. वरच्या मजल्यावर आपण राहायचं आणि खालचा मजला भाड्याने द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी वाल्मीक मिस्तरींना सांगितलं, "याची पाटी करा. नुसती रंगवू नका, रंग उडतो. अक्षरं उठावाची करा." मिस्तरींनी पटाशी घेतली आणि माझ्या अंगावर अक्षरं उमटली : 'जागा भाड्याने देणे आहे', आणि त्याखाली, 'फक्त कुटुंबासाठी'.

भाऊसाहेबांच्या पत्नी मीनाकाकू म्हणाल्या, "चार दिवस लागणार आणि माळ्यावर जाणार. एवढा थाट कशाला?"

भाऊसाहेब म्हणाले, "अगं, माणसं घरात बोलवायची तर आमंत्रण नीट नको का?"

काकूंचं म्हणणं मात्र खरं निघालं. माझं आयुष्य मोठं चमत्कारिक होतं बघा. ज्या दिवशी माझं काम फत्ते व्हायचं, त्याच दिवशी मला गेटवरून काढून माळ्यावर टाकायचे. मला त्याचा कधी राग आला नाही. मी माळ्यावर आहे म्हणजे खाली कुणीतरी राहतंय, हे मला कळायचं. फोडणीचा वास वर यायचा. परीक्षेच्या दिवसांत कुणीतरी पोर घोकत बसलेलं ऐकू यायचं. बँकेतले साहेब आले, बदली होऊन गेले. एक डॉक्टरीणबाई आल्या, त्यांचं बाळ याच फरशीवर रांगायला शिकलं. प्रत्येक वेळी मला खाली उतरवताना काकू पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "चला बाई, लागा कामाला."

मग भाऊसाहेब गेले. त्यांचा मुलगा रविराज पुण्यात नोकरीला होता. त्याने माझ्या कोपऱ्यावर आपला फोन नंबर लिहिलेला कागद चिकटवला आणि मला गेटवर अडकवून तो परत गेला. पण आता दिवस पालटले होते. गल्लीतल्या एकेका घराचं हॉस्टेल होत होतं. एका खोलीत चार-चार कॉट, आणि प्रत्येक कॉटचं वेगळं भाडं. कुटुंबाला जागा देणारं आमचंच एक घर उरलं होतं. मी उन्हापावसात महिनोन् महिने लटकत राहिले. येणारे-जाणारे मला वाचायचे आणि पुढे जायचे.

आणि अशात एक दिवस मला कुणीतरी हाताने वाचलं.

गणपतीचे शेवटचे दिवस होते. दिंडोरीकडच्या एका खेड्यातून तिघं जण आले होते. सोमनाथ द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर फवारणी करायचा. त्याची बायको योगिनी त्याच बागेत कामाला जायची. आणि त्यांची मुलगी आरोही, हातात पांढरी काठी घेतलेली. पाचवीपर्यंत तिला दिसत होतं. पुढे हळूहळू डोळ्यांतला उजेड गेला, आता फक्त ऊन आणि सावली एवढंच कळायचं. तिला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. योगिनी रोज तिला एसटीने घेऊन यायची, तास संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसून राहायची आणि पुन्हा घेऊन जायची. पण आता बागांची छाटणी तोंडावर आली होती. योगिनीला कामावर जावंच लागणार होतं. आरोहीला एकटीने चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घर मिळालं तरच तिचं कॉलेज टिकणार होतं. नाहीतर संपलं.

तिने गेट चाचपलं. तिचा हात माझ्यावर आला आणि थांबला. बोटं माझ्या 'जा'वर फिरली, मग 'गा'वर. तिने मला शेवटपर्यंत वाचलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू!

"आई, कुटुंबासाठी लिवलंय! फक्त कुटुंबासाठी!"

माझ्यावर आजवर किती जणांची नजर फिरली असेल, त्याची गणतीच नाही. पण मायेने हात फिरवणाऱ्या दोघीच, एक काकू आणि दुसरी ही पोर.

काकू खाली आल्या. योगिनीने सगळं मोकळेपणाने सांगितलं. "सकाळपास्नं हिंडतोय, काकू. कोणी म्हणतं कॉटवर देऊ, एकट्या पोरीला ठेवा. कोणी म्हणतं तिला दिसत नाय, गॅस उघडा राहिला तर जबाबदारी कोणाची? मी कामावर जाईपर्यंत तिच्यासंगं राहीन, सांजच्याला परत येईन. गल्लीतल्या हॉस्टेलच्या पोरींचे डबे पण करीन. कोणाला तरास नाय व्हायचा."

काकूंनी घर दाखवलं. आरोही भिंतीला हात लावून प्रत्येक खोलीत फिरून आली आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "आई, इथं खिडकी हाय ना? तोंडावर ऊन येतंय."

काकूंना भडभडून आलं. त्या म्हणाल्या, "दिलं घर. तुमचंच समजा."

आरोही म्हणाली, "मग उद्याच येऊ!"

सोमनाथ चाचरला. "उद्या टेम्पो नाय मिळायचा, सगळे विसर्जनाला लागलेत. अन् परवापास्नं पितृपक्ष."

"पितृपक्षात आलं तर काय होतं, बाबा?"

"नको बाळा. दुसऱ्या कोणासाठी असतं तर आलो असतो. तुझ्या घराला मी काय अपशकून लावून घेणार नाय. घट बसले की येऊ, त्याच दिवशी."

काकूंनाही ते पटलं. पितृपक्षात कुठला करार करायचा? कागदपत्रंही नवरात्रातच करू, असं ठरलं. दोन्हीकडची माणसं भली, दोन्हीकडे शुभाची काळजी. आणि त्या काळजीपोटी एकमेकांच्या शब्दाखेरीज कुणाच्याच हातात काही राहिलं नाही.

जाताना काकू मला काढायला आल्या. त्यांनी माझी तारही सोडवली होती.

"काकू, पाटी राहू द्या," आरोही म्हणाली. "मी कॉलेज सुटलं की रोज इथपर्यंत यायचा सराव करीन. पाटी हाताला लागली की समजेल, घर आलं."

काकूंनी मला पुन्हा बांधलं. मित्रांनो, एवढी वर्षं घर भाड्याने गेलं की मला काढायचे. पहिल्यांदाच कुणीतरी मला राहू द्या म्हणालं. मी फुलून गेले होते. पुढे काय वाढून ठेवलंय, ते मला कुठून कळणार?

त्या पंधरवड्यात आरोही रोज आली. आधी योगिनी तिचा हात धरायची, मग शेजारून चालायची, मग हळूहळू मागे राहायला लागली. आरोही वाट पाठ करत होती. झेरॉक्सच्या दुकानातली घरघर आली की डावीकडे. मिसळीच्या तर्रीचा वास आला की रस्ता ओलांडायचा नाही, सरळ जायचं. मग पंक्चरवाल्याच्या हवेचा फुसफुस आवाज, मग उतार, मग आमचं गेट. एक दिवस योगिनी कोपऱ्यावरच थांबली आणि आरोही एकटी आली. माझ्यावर तळहात टेकवून तिने मागे वळून हाक मारली, "आई! आले मी घरी!" योगिनी कोपऱ्यावर पदर तोंडाला लावून उभी होती.

आणि याच दिवसांत गल्लीतून जाणाऱ्या एका गृहस्थांनी मला वाचलं. त्यांची शहरात दोन-तीन हॉस्टेलं होती. आणखी एका हॉस्टेलसाठी घर हवं म्हणून त्यांनी माझ्यावरच्या कागदातला नंबर फिरवला. तो रविराजचा होता. रविराज लगोलग पुण्याहून आला आणि इथेच, माझ्यासमोर, मायलेकांचं बोलणं झालं.

"अरे, मी शब्द दिलाय त्यांना," काकू म्हणाल्या.

"शब्द म्हणजे ॲग्रीमेंट नाही, आई. आणि दिलंय तर पाटी का लटकतेय गेटवर? पाटी आहे म्हणजे जागा रिकामीच आहे."

"ती पोरीसाठी ठेवलीय. तिला दिसत नाही, ती हाताने..."

"आई, प्लीज. भावनेच्या भरात घरं चालत नाहीत. तू एकटी असतेस, उद्या काही झालं तर निस्तरणार मीच ना?"

म्हातारपणी मुलाच्या शब्दाबाहेर जायला जे बळ लागतं, ते काकूंमध्ये उरलं नव्हतं. सह्या झाल्या. त्या गृहस्थांना पितृपक्षाशी काही देणंघेणं नव्हतं.

मला वाटलं, काकू आता फोन करतील. योगिनीचा नंबर त्यांच्याकडे होता. त्या पोर्चमध्ये येऊन बसायच्या, फोन हातात घ्यायच्या आणि पुन्हा मांडीवर ठेवायच्या. त्या संध्याकाळीही आरोही आली, मला हात लावून गेली. काकू वरून पाहत होत्या. त्या खाली आल्या नाहीत. मी ओरडून सांगणार होते, पोरी, धाव, काहीतरी कर! पण माझ्या अंगावर जे कोरलंय त्यापलीकडे मला एक अक्षर बोलता येत नाही. तिच्या बोटांना मी पुन्हा तेच सांगितलं, जागा भाड्याने देणे आहे, फक्त कुटुंबासाठी. खोटं, सपशेल खोटं. पण तिला ते खरं वाटलं.

पुढचे दोन दिवस ती आली नाही. गावाकडे सामानाची बांधाबांध चालली असणार. त्या दोन दिवसांत खालच्या मजल्यावर लोखंडी कॉट येऊन पडल्या.

घटस्थापनेच्या सकाळी टेम्पो आला. पुढे सोमनाथ, मागे सामानात योगिनी आणि आरोही. योगिनीच्या मांडीवर दुधाची किटली होती. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं, म्हणून ती घरच्या गाईचं दूध घेऊन आली होती. टेम्पो थांबला तशी आरोही कुणाचा हात न धरता उतरली, थेट गेटपाशी आली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. "आलो गं," ती मला म्हणाली. होय मित्रांनो, मलाच म्हणाली.

मग आतून कॉट ओढल्याचा आवाज आला. तिचा हात तसाच राहिला.

"आई, आपल्या घरात कोण हाय?"

काकू जिन्यावरून उतरल्या. "माझं चुकलं... मुलाने परस्पर... मी फोन करणार होते..."

सोमनाथ भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाला, "काकू, घट बसेपर्यंत घर थांबणार नाय, हे त्या दिवशीच सांगितलं असतं, तर मी डोक्यावर सामान आणलं असतं हो."

मग तो वळला आणि आरोहीपुढे उभा राहिला. "माझंच चुकलं, बाळा. तू म्हणत होतीस उद्याच येऊ."

आरोहीने माझ्यावरचा हात काढला आणि काठीने चाचपत ती टेम्पोत जाऊन बसली. टेम्पो वळला. दुधाची किटली जशी आली तशीच परत गेली. काकू गेटला धरून रडत होत्या, आणि मीही रडले असते, लाकडाला रडता येत असतं तर.

हॉस्टेलवाल्यांनी गेटवर चकचकीत फ्लेक्स लावला आणि मला गटारावर टाकलं. माझ्यावरून चाकं जातात, पाय जातात. त्याचं मला काही नाही. काकू आता खाली फारशा येत नाहीत.

दिवाळीनंतर एकदा ओळखीचा आवाज ऐकू आला. काठीची टकटक. आरोही आणि योगिनी. घर कुठेच मिळालं नव्हतं, आणि छाटणी सुरू झाल्यावर रोज आणणारं कुणी उरलं नव्हतं. आज त्या कॉलेजातून नाव काढून परत चालल्या होत्या. स्टँडला जायचा रस्ता हा नव्हे. आरोहीनेच आईला इकडून आणलं असणार.

तिने गेटला हात लावला. हाताला गुळगुळीत फ्लेक्स लागला. ती गोंधळली. "आई, मी वाट चुकले का गं?"

आरोहीने काठी पुढे केली आणि ती माझ्या अक्षरांवरून खडखडत गेली. ती थांबली. खाली बसली. ओढणीने माझ्यावरचा चिखल पुसला आणि बोटांनी मला वाचायला लागली, अगदी पहिल्या दिवसासारखी.

"नाय चुकले, आई," ती म्हणाली. "बरोबर आले मी. एकटी आले असते तरी बरोबर आले असते."

"चल माय, बस निघून जाईल," योगिनी म्हणाली.

त्या गेल्या. काठीची टकटक उतारावरून, पंक्चरवाल्यापाशी, मिसळीच्या दुकानापर्यंत मला ऐकू येत होती. पुढे झेरॉक्सच्या घरघरीत ती मिसळून गेली.

मित्रांनो, मला उचलून पुन्हा भिंतीवर लावा, असं मी म्हणत नाही. माझं झालं ते झालं. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमची घरं होतील, तुमच्या गेटवरही पाट्या लागतील. कुणाला हो म्हटलंत, तर मुहूर्ताची वाट पाहत बसू नका. आणि एखादी मुलगी म्हणाली, काकू, पाटी राहू द्या, तर खुशाल राहू द्या. फक्त त्याच वेळी, त्याच पावली, घराची किल्ली तिच्या हातात द्या.