बत्तीवाला मोडेम

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. कॉम्प्युटरचं म्हणणं टेलिफोनच्या तारेवरून पलीकडे पोचवायचं, हे माझं काम. लाईन जोडताना मी चिरक्या आवाजात ओरडायचो आणि त्यापायी पुष्कळ बोलणी खायचो.

माझी उमेदीची वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात गेली. पुढे माझ्याहून चपळ मोडेम आले आणि मी खोपटच्या एका दुकानात धूळ खात पडलो. तिथे एक दिवस चेंदणी कोळीवाड्यातली उत्तरा आपल्या आईला घेऊन आली. घरी मामाच्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर होता आणि तिला ईमेल हवं होतं.

दुकानदार मधु म्हणाला, "एकदम फास्टवाला घेऊन फायदा नाही. तुमचा पीसी तेवढा स्पीड घेणारच नाही. हा जुना स्वस्तात देतो, नाहीतर हा कार्डवाला. आत बसतो, दिसतपण नाही."

उत्तराला न दिसणारा आवडला. पण तिची आई जनाबाई माझे लाल दिवे निरखत होती.

"दिसत नाय तो नको गो," ती म्हणाली. "फोन अडकलाय का मोकला हाय, ते बत्तीवर कललं पायजे. आपला फोन काय आपल्या एकट्याचा हाय?"

खरंच नव्हता, म्हणून मग मीच त्यांच्या घरी आलो. आळीत तो एकच फोन. सगळ्यांचे निरोप त्याच्यावर यायचे आणि मी चालू असलो की येणारा फोन बिचारा परत जायचा.

वर्षभरात शेजारच्या भागीरथीला नात झाली. बाळाचा बाप, तिचा चंदू, जहाजावर होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. जहाज बंदराला लागलं की तो फोन करायचा, आणि ते त्याच दिवशी लागणार होतं. संध्याकाळी उत्तरा नोकरीचा अर्ज पाठवत बसली होती. मी आपला रडतखडत ओढत होतो. भागीरथी आली, माझे दिवे पेटलेले पाहून गुपचूप उंबऱ्यावर बसली. दुसऱ्याच्या घरचा फोन, बोलणार कशी? उत्तराची दाराकडे पाठ होती, तिला ती दिसलीच नाही. मला दिसत होती आणि फार वाईट वाटत होतं, पण मला काही स्वतःहून बंद होता येत नाही.

जनाबाई मासळी विकून आली. टोपली डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "उत्तरा, बत्ती बंद कर."

"आई, अर्धा अर्ज गेलाय. परत पहिल्यापासून पाठवायला लागेल."

"मंग परत पाठव. भागीरथी बसलीय बग."

उत्तराने वळून पाहिलं आणि लगेच लाईन सोडली.

चहा होतो न होतो तोच फोन वाजला. भागीरथीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "चंदू, पोरगी झाली रे. तुज्यासारकीच हाय." मग तिने रिसीव्हर जनाबाईकडे दिला आणि सुनेची खुशाली जनाबाईनेच सांगितली. नंतर उत्तराने अर्ज पुन्हा पाठवला. तो मी जीव तोडून पोचवला.

आता मी कपाटावर असतो. भागीरथीची नात खेळायला आली की मला खाली काढायला लावते. जनाबाई तिला सांगते, "या बत्त्या इजवल्या ना, तवा तुज्या बापाला तू कललीस."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसा, एवढं तर मी मागणारच. पण आपलं काम कितीही घाईचं असो, एकदा वळून उंबऱ्याकडेही बघत जा. तिथे कोणीतरी न बोलता बसलेलं असतं.