गारांची बाटली

एप्रिलातल्या वादळात रायपूरले आमच्या भनपुरीतल्या घराच्या छतावर गारा पडल्या, तं मी दरवर्षीसारख्या वेचून काचेच्या बाटलीत भरल्या. घामोळं आलं की मी हेच पाणी लावते. जमिनीले न लागलेलं पाणी, त्याहून शुद्ध काय असते?

रायपूर राजधानी झालं तशी आमची पोट्टी भावना इथंच प्रयोगशाळेत लागली. तिनं तपासायले थोडं पाणी नेलं.

परत आली तं म्हणे, "आई, यात पारा आहे. अगदी थोडा, पण साध्या पावसाहून जास्त."

मी चिडली. "माह्या घरात थर्मामीटरही नाही. पारा कुठून येईन?"

"वरून. कोळसा जळला की पाऱ्याची वाफ धुरासंग उंच जाते, महिनोन्‌महिने हवेत फिरते. वादळाचे ढग लय उंच असतात, ते तिले खाली आणतात."

"कोणाच्या चिमणीची?"

"ते कसं सांगू? इथली असेल, नाहीतर दूर देशाची."

भावनाचे बाबा आयुष्यभर वीजघरात बॉयलरवर होते. आल्यागेल्याले सांगत, आमची चिमणी इतकी उंच, की धूर आपल्या अंगावर येतच नाही.

त्यायनं बाटली उजेडात धरली. काहीच दिसलं नाही.

"आमचा धूर तं दूर जाते," ते हळूच म्हणाले.

"जात असन," मी म्हटलं. "पण दर उन्हाळ्यात तुमच्या पाठीले मी काय चोळून राहिली?"