वर विकणे आहे

शुक्रवारी दुपारी बाबांचा फोन आला, तेव्हा लेक खुर्चीत पाय वर घेऊन कादंबरी वाचत बसली होती. शेवटची चाळीस पानं उरली होती, आणि अशा वेळी फोन उचलणं म्हणजे तिच्या मते तोंडातला घास काढून ठेवण्यासारखं होतं. तरी तिनं उचलला. बाबांचा फोन उचलेपर्यंत वाजतच राहायचा.

"वाचकबाई, मोकळ्या आहात का?"

बाबा चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या मजकुरातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. त्याला खरं तर दोन माणसं लागतात. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर लाल पेन्सिल फिरवत खुणा करायच्या. वाचणाऱ्याला छापखान्यात 'वाचक' म्हणत. नुसते शब्द वाचून भागत नसे, विरामचिन्हंही वाचावी लागत. सुटीच्या दिवशी बाबा काम घरी आणत आणि आठ वर्षांची लेक त्यांच्यासमोर स्टुलावर बसून वाचक होई. ती सवय तिच्या जिभेला अशी काही जडली, की एकदा तिनं भर वर्गात विचारलं होतं, "बाई स्वल्पविराम पाणी पिऊन येऊ प्रश्नचिन्ह." बाईंनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं. बाबा घरी येईपर्यंत हसत होते.

"एकच पान आहे," बाबा फोनवर म्हणाले. "दोन स्टॉप तर आहेत, येऊन जा. चार डोळे लागतील."

"बाबा, आज मान वर करायला फुरसत नाही हो. रविवारी येते."

यात मान वर न करण्याचा भाग तेवढा खरा होता.

"रविवारी तर रविवारी, पूर्णविराम," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी आत्या चहा घेऊन गेली, तर बाबा टेबलाशी खुर्चीतच होते. चष्मा डोळ्यांवर, पेन्सिल हातात. आत्यानं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिनं लेकीला फोन केला.

कादंबरी लेकीनं शुक्रवारीच संपवली होती. शेवट अगदीच सामान्य होता. यातलं काहीच तिनं कुणाला सांगितलं नाही.

टेबलावर चिमट्याला एक घडी घातलेलं पान होतं. वर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं, 'वाचकबाईंसाठी'. लेकीनं ते न उघडता खणात टाकलं, वर पेन्सिली टाकल्या आणि खण ढकलून दिला. पुढचे दोन महिने आत्या रोज विचारायची, "वाचलंस का ते पान?" आणि लेक रोज म्हणायची, "वाचते."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वयानं ऐंशीची, जिभेनं विशीची. तिला त्या दुमजली घरात एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. लेकीनं बाबांना पाच वर्षं विनवलं होतं की माझ्याकडे राहायला या, आणि पाच वर्षं बाबा 'बघू' म्हणत आले होते. आत्या मात्र एका दुपारीत तयार झाली. "तुझ्याकडे लिफ्ट आहे," एवढंच म्हणाली. मग घर विकायचं ठरलं आणि ताबेवाले आले.

त्यांना ताबेवाले हे नाव आत्यानं ठेवलं. गृहस्थ एजंट होते आणि त्यांचं कुठलंही वाक्य 'लगेच ताबा' या शब्दांशिवाय संपत नसे. उंबऱ्यातच त्यांनी मान मागे टाकून घराकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर जिभेकडे पाहतात.

"आधी बल्ब बदला," ते म्हणाले. "गिऱ्हाईक आत यायच्या आधी घरातला एकूण एक दिवा लागलेला पाहिजे, भर दुपारी असला तरी. अर्धं सामान हलवा. रिकामी खोली मोठी दिसते. नळ टपकतो तो आजच्या आज दुरुस्त करा. टपकता नळ ऐकला की माणसाला सगळ्या भिंतींत पाणी दिसायला लागतं. आणि हे फोटो उतरवा."

"बाबांचे?" लेकीनं विचारलं.

"कुणाचेही. भिंतीवर माणूस दिसला की गिऱ्हाईक पाहुणा होतो, ताई. पाहुणा चहा पितो आणि निघून जातो. त्याला स्वतःचं कपाट इथं उभं दिसलं पाहिजे. आणि दोष तीनच सांगायचे. लहान लहान. एकही सांगितला नाही तर त्याला संशय येतो, चार सांगितले तर तो उठतो. मोठे दोष त्याचे त्याला सापडू देत, ताबा घेतल्यावर."

"आणि मी काय करू?" आत्यानं विचारलं.

"तुम्ही बागेत फिरायला जा, आत्याबाई."

"का म्हणून?"

"तुम्ही खरं बोलता असं ऐकलंय."

ही तारीफ की टोमणा, हे आत्याला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

चार दिवसांनी ताबेवाले जाहिरातीचा मजकूर घेऊन आले. घरोघरी फुकट वाटतात त्या साप्ताहिकात द्यायची होती. स्वतःच्या हातानं, घाईघाईत लिहिलेली चिठ्ठी. "एकदा नजर घाला, ताई. तुमचं तर घराणंच या कामातलं."

लेकीनं चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. त्या टेबलाशी बसून काही तपासायचं, ही कल्पनाच तिला नको होती. "छापा तसंच," ती म्हणाली आणि खाली सही करून मोकळी झाली. चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या घरातून न वाचलेला मजकूर छापायला गेला, तो असा.

गुरुवारी साप्ताहिक आलं. ते उघडून बघायचीही तसदी कुणी घेतली नाही, कारण त्याआधीच फोन सुरू झाले. जाहिरातीत नंबर बाबांच्या घरचा होता. लेक वरच्या मजल्यावर पुस्तकं खोक्यांत भरत होती, त्यामुळे फोन घेण्याचं काम आत्याकडे आलं. पुढे दोन्ही बाजू जुळवून पाहिल्यावर कळलं, की त्यातलं एक बोलणं असं झालं होतं.

"जाहिरात वाचली," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "बत्तीस ना?"

"बत्तीस पूर्ण."

"प्रकृती?"

"भक्कम आहे हो. लपवायचं काय त्यात? वरच्या मजल्यात जरा गळती आहे, पण ती पाऊस असला तरच."

"म्हणजे... एरवी ठीक?"

"एरवी काही त्रास नाही. रात्री जरा गुरगुर होते, पण सवय होऊन जाते."

"त्याचं काही नाही, आमच्याकडे हेही घोरायचे. आधी कुणाचं काही...?"

"एकाच माणसाचा हात लागलेला. तो गेला बिचारा."

"गेला?" बाईंचा आवाज खाली आला. "बरं. आता जे आहे ते आहे. पण एक सांगते, तुम्ही 'विकणे' असं सरळ लिहिलंत ना, ते मला आवडलं. बाकीचे मनात तेच ठेवतात आणि वर गोड बोलतात. आम्ही रविवारी बघायला येऊ का?"

"या की. पण दिवसाउजेडी या, अंधारात नीट दिसत नाही."

"भारी सभ्य बाई आहेत," आत्या खालून ओरडली. "घोरण्याबद्दल काहीतरी म्हणत होत्या, पण रविवारी येतायत."

रविवारी ताबेवाल्यांनी सगळे दिवे लावले, फोटोंच्या जागी उरलेल्या खिळ्यांवर कॅलेंडरं अडकवली आणि आत्याला बागेत पाठवलं. आत्या फाटकापर्यंत गेली आणि विसरलेला रुमाल घ्यायला म्हणून परत आली ती सोफ्यावरच बसली. अकराच्या ठोक्याला बाई आल्या. ठेवणीतली साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. मागे त्यांची मुलगी, पस्तिशीची, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच. काम अर्धं टाकून आईनं तिला ओढून आणलंय हे चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"या, या," ताबेवाले म्हणाले. "आधी आत येऊन बघा. उजेड बघा कसा आहे!"

"उजेड राहू दे," बाई म्हणाल्या. "बोलवा त्याला."

"कुणाला?"

"मुलाला."

"कुठल्या मुलाला?"

"अहो, ज्याला विकताय त्याला!"

ताबेवाल्यांनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं आत्याकडे, आणि आत्यानं या लोकांना कुणी आत घेतलं अशा नजरेनं ताबेवाल्यांकडे. बाईंनी पर्समधून कात्रण काढून टेबलावर थोपटलं. लेकीनं ते उचललं.

'वर विकणे आहे. वय बत्तीस. भक्कम, हवेशीर, पूर्वाभिमुख. एकाच मालकाच्या वापरातील. लगेच ताबा.'

"घ," लेक म्हणाली. "घ होता तो."

"माझा घ घाईत जरा..." ताबेवाले कपाळ पुसू लागले.

मग लेक हसायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आधी नाकातून, मग खुर्चीची पाठ धरून. आत्यानं कात्रण ओढून घेतलं, चष्म्याशी नेलं, आणि मग तीही. "हवेशीर!" ती कशीबशी म्हणाली. "अगं, हवेशीर नवरा!"

"म्हणजे गळती..." बाई खाली बसल्या.

"गच्चीची हो!"

"आणि मी तीन रात्री विचार करतेय, की डोक्यात पाणी होणं हा कुठला आजार!"

या गोंधळात मुलगी कुठे गेली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती पूर्वेच्या खिडकीशी उभी होती आणि गळ्यातली टेप काढून भिंत मोजत होती.

"आई, इथं दोन मशिनी बसतात," ती म्हणाली. "आणि दुपारपर्यंत दिवा लावायला नको. सुईत दोरा ओवता येईल असा उजेड आहे." ती वळली. "नवऱ्याचं जाऊ दे. हे विकायचंय ना?"

"लगेच ताबा!" ताबेवाल्यांच्या जिवात जीव आला.

"थांबा. मी कापड घेताना आधी डाग बघते. काय काय बिघडलंय ते खरं खरं सांगा. नंतर सापडलं तर मी परत आणून देणाऱ्यांतली आहे."

ताबेवाले खाकरले आणि तीन बोटं वर करून लहान दोष आठवू लागले. लेक अजून डोळे पुसत होती. त्या कात्रणातला तो 'वर' तिला बघवेना. लाल पेन्सिलीसाठी तिचा हात सवयीनं टेबलाच्या खणात गेला, आणि पेन्सिलीबरोबर ते पानही वर आलं.

घडी आपोआप उघडली. पहिलाच शब्द 'घर'. घ असा ठसठशीत, की तो कुणी आंधळ्यानंही व वाचला नसता.

तिनं ते पान शेवटपर्यंत मनात वाचलं. मग तिनं पेन्सिल त्या मुलीच्या हातात दिली.

"तुम्हाला खरं हवंय ना? मग बसा इथं. मी वाचते, तुम्ही भिंती बघून खुणा करा. कॅलेंडरच्या मागे लिहा."

लेक स्टुलावर बसली. कितीतरी वर्षांनी. आवाज लागायला जरा वेळ लागला.

"घर विकणे आहे पूर्णविराम. बत्तीस वर्षांपूर्वी बांधले स्वल्पविराम पण नीट बांधले पूर्णविराम. गच्ची उत्तर कोपऱ्यात गळते पूर्णविराम. चार वेळा दुरुस्त केली स्वल्पविराम चारही वेळा ती जिंकली पूर्णविराम."

मुलीनं वर पाहिलं आणि खूण केली.

"स्वयंपाकघराचे दार उचलून लावावे पूर्णविराम. न्हाणीघराच्या दिव्याचे बटण जिन्यात का आहे स्वल्पविराम हे सांगणारा गवंडी हयात नाही पूर्णविराम. रात्री पाइप गुरगुरतात अर्धविराम माझी बहीण त्याहून मोठ्याने घोरते पूर्णविराम."

"बघा, मेल्याला शेवटपर्यंत चैन नाही," आत्या म्हणाली. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"पूर्वेच्या खिडकीत सकाळी सहा ते दुपारी एक बारीक अक्षर वाचता येते पूर्णविराम. एवढ्यासाठी मी इतकी वर्षे येथे राहिलो पूर्णविराम."

"बास," मुलगी म्हणाली. तिनं पेन्सिल खाली ठेवली. "घेतलं."

"अगं, बघायला काय आलो," तिची आई म्हणाली, "आणि घेऊन काय चाललो!"

ताबेवाल्यांनी तोंड उघडलं, पण लेकीनं हात वर केला. "अजून दोन ओळी आहेत."

त्या तिनं मनात आधीच पाहिल्या होत्या. पण वाचकानं मध्येच थांबायचं नसतं, हे तिला आठव्या वर्षी शिकवलेलं होतं.

"विकण्याचे कारण अपूर्णविराम लेकीकडे राहायला जाणे पूर्णविराम."

ताबेवाल्यांनी उगाच एक दिवा बंद केला.

"वाचकबाई स्वल्पविराम चूक दिसली तर दाखवा पूर्णविराम."

तिनं पान टेबलावर ठेवलं आणि तळहातानं सपाट केलं. समोर खुर्चीत ती मुलगी बसलेली होती, पण लेक तिच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती.

"चूक आहे एक," ती म्हणाली. "बाबा स्वल्पविराम त्या शुक्रवारी मला वेळ होता पूर्णविराम."