मागच्या डाव्या चाकावरचं वजन

प्रमिला आठल्येबाईंच्या छोट्या गाडीत मागे डावीकडे, दिसत नसलेलं कोणीतरी बसू लागलं आणि दर आठवड्याला वाढू लागलं. बाईंनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या बाईला मुलं वाढतात याचं नवल कशाला वाटेल? नवल एवढंच, की गाडी घेतल्यापासून नऊ वर्षांत त्या सीटवर भाजीची पिशवीसुद्धा बसली नव्हती. बाई एकट्या, आणि पिशवी पुढे त्यांच्या शेजारी.

कराडच्या नाक्यावरचा निवास मिस्त्री चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून गाडी तपासायचा.

"चार बोटं पाहिजेत. हितं तीनच हायत. मागं कोण बसतंय?"

"कोणी नाही."

"बाई, ह्या गाडीला लोखंडी स्प्रिंग न्हाई. दर चाकाला एक हात हाय. त्यो पुढं बिजागरीवर, आन् चाक त्याच्या मागच्या टोकाला. चाक उचललं की हात वर येतो आन् ह्यो रबराचा गोळा चेपतो. आधी मऊ लागतो, मग जेवढं दाबावं तेवढा कडक व्हतो. सारखं वजन ठेवलं की मात्र हळूहळू बसतो. कोण बसल्याबिगर कसा बसंल?"

घरी येताना बाईंनी आरशात पाहून विचारलं, "भूक लागली का गं?" मुलगीच असणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मागचं रबर किंचित दबलं, सुटलं. गाडी कडेला घेऊन बाई मनसोक्त रडल्या.

मग त्या गाडीतच जेवू लागल्या. घराच्या खोल्या वापराविना आक्रसत गेल्या. स्वयंपाकघरात आता ताट तेवढं मावत होतं, बाई मावत नव्हत्या. दिवाळीपर्यंत चाकावर एकच बोट उरलं आणि टायर घासू लागला.

"रबर बदलाय पाहिजे, न्हाईतर हात मोडंल," निवास म्हणाला. "पण आत बसल्यात त्यांना आधी उतरवा. माणूस आत ठेवून मी गाडी उचलत न्हाई."

"उतरून कुठे जाईल ती?"

"मोठ्या झाल्यात की आता. जातील त्यांच्या वाटंनं."

बाईंनी मागचं उजवं दार उघडलं. 'उतर' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या स्वतःच आत चढून बसल्या. शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाल्या, "जाऊ नकोस गं. मला अजिबात करमत नाही."

डावीकडचं रबर सुटू लागलं. निवास वाकून बोटं लावत होता. "दोन. तीन. चार. उतरल्या बघा."

बाईंनी डोळे गच्च मिटले. आता पुन्हा ते एकटेपण सोसायचं.

तेवढ्यात पुढे, स्टिअरिंगच्या बाजूचं रबर सावकाश दबलं. चालकाची सीट मागे सरकली. तिचे पाय लांब झाले होते. इंजिन सुरू झालं.

"बाई, दार लावून घ्या," निवास म्हणाला.

बाईंनी दार लावलं. रस्ता खड्ड्यांचा होता, पण प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी इतकी हळू होत होती, की बाईंना धक्का म्हणून लागला नाही. त्यांचं घर आलं. गाडी थांबली नाही.