घरट्यापासून दहा पावलं

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाराच नेईल. मत्सराची गोष्ट आहे. तो शिंगं लावून येत नाही हो. पाहुणा म्हणून येतो आणि घरधनी होऊन बसतो.

खाडीच्या तोंडाशी राखीव पाणथळ होती. एका अंगाला खारफुटी, दुसऱ्या अंगाला ओहोटीत उघडा पडणारा चिखल आणि मध्ये शिंपल्यांचा लांबलचक उंचवटा. त्यावर सुरय पक्षी उघड्यावरच अंडी घालत, शिंपल्यांच्याच रंगाची. पायाखाली आली तरी कळू नयेत अशी. राखणीला दोघी जावा. थोरलीची त्यात वीस वर्षं गेलेली, धाकटीचे जेमतेम आठ महिने.

पण धाकटीचे डोळे काय सांगावे! थोरलीला दुर्बिणीतून दिसेना ते धाकटी चालता चालता दाखवी. वनखात्याचे साहेब आले की आधी धाकटीला विचारत. ज्यांना कावळा-कोकीळ ओळखता येत नव्हते, त्या सासूबाईसुद्धा पक्ष्यांचं तिलाच विचारू लागल्या. थोरली हसे, पण हसू दातांपुरतं, आत निखारा. त्यात यंदा विणीच्या हंगामाची सगळी राखण साहेब एकीच्याच हाती देणार होते.

एके दिवशी धाकटीनं नऊ घरटी शोधली आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून प्रत्येकाला अगदी लागून एकेक काठी रोवली. थोरलीनं होडीतून पाहिलं. काठी घरट्यापासून दहा पावलं दूर, समुद्राच्या अंगाला रोवायची, हा तिचा जुना नेम. काठीपाशी अंडी असतात हे कोल्ह्याला एकदा कळलं, की तो काठी धरून काठी गाठतो. सांगायला चार शब्द पुरले असते. ते ओठांवर आले, तिनं गिळले. ठेच लागली की शिकेल, असं मनाशी म्हणून तिनं वल्हं मारलं.

दुसऱ्या सकाळी सहा काठ्यांपाशी नुसती कवचं होती. कोल्ह्याची पावलं काठीपासून काठीपर्यंत, दोरी ताणावी तशी. एक मादी रिकाम्या खळग्यावर पंख पसरून सावली धरून बसली होती. धाकटी कवचं वेचू लागली. थोरलीनं उरलेल्या तीन काठ्या उपटल्या, पावलं मोजली आणि दूर रोवल्या.

धाकटीनं ते पाहिलं. "ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

थोरली शेवटची काठी घट्ट दाबत राहिली.

कचेरीत साहेबांनी जाब विचारला, तेव्हा धाकटी एवढंच म्हणाली, की चूक तिची, तिनं आधी विचारायला हवं होतं. थोरलीचं नावही काढलं नाही. हंगाम आता थोरलीच्या पदरात पडल्यातच जमा होता. नुसतं गप्प राहायचं होतं. पण गप्प राहण्याची किंमत ती सकाळी पाहून आली होती.

"साहेब, काठ्या हिनं रोवल्या," ती म्हणाली. "पण मी बघितलं आणि बोलले नाही. कोल्ह्याला वाट मी दाखवली."

साहेबांनी राखण धाकटीला दिली. परतताना थोरली एकटीच होडी वल्हवत होती. मग धाकटीनं विचारलं, "दहाच पावलं का?"

"माझी दहा. तू बुटकी, तुला बारा लागतील."

धाकटी हसली नाही, पण दुसरं वल्हं तिनं हातात घेतलं. थोरलीच्या पोटातला निखारा त्या दिवशी विझला, असं म्हणवत नाही. पण त्यानंतर तिनं शब्द गिळला नाही.

आता उठाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा रिकाम्या खळग्यावर सावली धरून बसलेल्या त्या आईची आठवण ठेवा.