आईला पसंत पडलेला वृद्धाश्रम

आईने जन्मभर इस्पितळात मेट्रनगिरी केली होती. निवृत्तीनंतर सुनेच्या घरात खोड काढायला काही उरलं नाही, तेव्हा तिनेच वृद्धाश्रमाचा हट्ट धरला आणि मुलगा तिला घेऊन पाहणीला निघाला.

पहिल्या ठिकाणी चादरींना सुरकुती नव्हती. बेल दाबताच नर्स हजर. पडून पडून जखमा झाल्यात का ते बघायला आईने एका आजोबांचं पांघरूण उचलून टाचासुद्धा तपासल्या. त्या लोण्यासारख्या मऊ होत्या. "चांगलं आहे," एवढं बोलून ती तोंड पाडून गाडीत बसली.

दुसऱ्या ठिकाणी पाण्याचा जग पलंगावरून हात पोचणार नाही असा ठेवला होता आणि बेलची दोरी खिडकीच्या गजाला गुंडाळली होती. आईने व्यवस्थापकाला असं फैलावर घेतलं की तो बिचारा स्वतःच खुर्चीवर चढून दोरी सोडवायला लागला. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तजेला आला.

मुलगा ओशाळून म्हणाला, "चल आई, ते पहिलंच नक्की करू."

"तिथे दिवसभर मी करू काय? भिंतीकडे बघत बसू?" आईने बाह्या सरसावल्या. "जा, माझी बॅग घेऊन ये."

खुर्चीवरून क्षीण आवाज आला, "पण आजी, आमच्याकडे जागाच नाही."

"कोपऱ्यातला पलंग रिकामा आहे, मी बघितलाय," आई म्हणाली. "उतरा खाली आणि त्यावर चादर घाला. मी बघते."