शार्शेनबाबांची दुवा

मित्रांनो, मी आता एक जुना हेडफोन आहे. माझ्या कानगाद्यांचे कातडे सोलपटले आहे, एक बाजू मुकी झाली आहे, आणि नारीन या डोंगराळ गावातल्या एका घरात रजयांच्या चवडीवर मी पडून असतो. पण एके काळी या घराने मला तिघांतून पारखून घेतले होते, हे आधी सांगू द्या.

शार्शेनबाबांना ऐकू कमी येई. ते टीव्ही इतक्या मोठ्याने लावत की गाय पान्हा चोरायला लागली, अशी त्यांच्या बायकोची, बुरुलआईंची तक्रार होती. म्हणून धाकटा मुलगा एर्मेक ओळखीच्या दुकानातून तीन बिनतारी हेडफोन घरी घेऊन आला. पहिल्याने बाबांचे कान आवळले. दुसरा खोलीत गोड बोले, पण मातीच्या जाड भिंतीपलीकडे गेले की खरखर करी. मग माझी पाळी आली. बाबा मला घालून गोठ्यात गेले, फाटकापर्यंत गेले, आवाज कुठेच तुटला नाही. बुरुलआई त्यांच्या पाठीशी उभ्या राहून ओरडल्या, "अहो, चहा निवतोय!" बाबांनी मान वळवली नाही.

"हाच ठेव," आई हसत म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून माझं ऐकलंय कधी? आता निदान निमित्त तरी मिळेल."

"हलका आहे, चार्जपण टिकतो," एर्मेक म्हणाला. "आणि बाहेरचा आवाज आत येतच नाही, बघ!"

ही माझी स्तुती होती. मी फुलून गेलो.

मग माझे सुखाचे दिवस आले. बाबा मला मखमली टोपीवर चढवत आणि तासन्‌तास घोड्यावरच्या खेळांचे सामने, कोमुझ या तारवाद्याचे सूर ऐकत. आमच्याकडे थोरांच्या टोपीला कोणी हात लावत नाही. मी टोपीवर बसायचो, म्हणून तोच मान मलाही मिळाला. बाबांखेरीज मला कोणीच उतरवीत नसे.

पुढे एर्मेकला रशियात कारखान्यात काम लागले. निघताना वडिलांसमोर तळहात पसरून बसायचे, त्यांनी दुवा द्यायची, मग सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवायचे. त्यावाचून आमच्यातला माणूस उंबरा ओलांडत नाही. पण त्या दिवशी गाडी ठरल्या वेळेच्या आधीच दारात आली. बाबा मला घालून, डोळे मिटून सामना ऐकत होते. एर्मेक गुडघे टेकून समोर बसला.

"बाबा, निघतो मी. बाबा!"

माझ्या आत समालोचक ओरडत होता. बाबांना काही कळले नाही. एर्मेकचा हात माझ्याकडे आला.

"अरे, बापाच्या टोपीला हात घालतोस?" आई दबक्या आवाजात म्हणाल्या. "डोळा लागलाय त्यांचा. थोरांना असं हलवून उठवतात का? थांब, उघडतील डोळे."

एर्मेक तसाच तळहात पसरून थांबला. गाडीवाला भोंगा वाजवत होता. शेवटी पोरगा उठला. दारातून त्याने दोनदा मागे वळून पाहिले. मला आवाज बंद करता आला असता तर मी तेव्हाच केला असता, मित्रांनो!

सामना संपला आणि बाबांनी डोळे उघडले.

"एर्मेक कुठाय?"

"गेला," आई म्हणाल्या. "तुमच्यापुढं बसून बसून गेला."

बाबांनी मला भिरकावले आणि ते मोज्यांवरच फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर नुसती धूळ होती. एर्मेकचा फोन आला, पण म्हातारा हट्टाला पेटला. "दुवा काय फोनवर देतात? पोरगं समोर बसायला हवं. येऊ दे, मग देतो." त्यानंतर त्यांनी मला कानाला लावले नाही.

थंडीत बाबांनी अंथरूण धरले. एका दुपारी ते म्हणाले, "लाव गं त्याला फोन." घरात फोन लागत नसे, म्हणून आई बर्फात बाहेर गेल्या. एर्मेक कामावर होता. पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली. आत बाबा होते आणि उशाशी मी होतो. वाट पाहून त्यांनी तळहात वर धरले आणि दुवा दिली. आई परतल्या तेव्हा बाबांचे हात चेहऱ्यावरून खाली येत होते.

"दिली," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

एर्मेक आमच्या रीतीप्रमाणे रस्त्यापासूनच मोठ्याने रडत आला. माती देऊन झाल्यावर, बाबांनी दुवा दिल्याचे आईंकडून कळताच त्याने विचारले, "आई, काय म्हणाले गं? नेमकं काय म्हणाले?"

"मी बाहेर होते रे बाळा. मला कुठलं ऐकू यायला!"

त्याने मला उचलले आणि कितीतरी वेळ कानाशी धरून ठेवले. मला शब्दन्‌शब्द पाठ होता. पण आम्ही हेडफोन दुसऱ्याने पाठवलेलेच बोलू शकतो. त्याने मला रजयांवर ठेवले आणि तो पुन्हा परमुलखात गेला.

मित्रांनो, कोणी समोर येऊन बसले तर आम्हाला कानांवरून उतरवा. आणि थोरांचा मान राखा, पण वेळ आली तर त्यांना हलवायला भिऊ नका. आणखी एक विनंती आहे. एर्मेक तुम्हाला कुठे भेटलाच, तर त्याला सांगा, त्याचे बाबा म्हणाले होते, "पोरा, मला ऐकू आलं नाही रे, राग धरू नकोस. जाशील तिथं तुझं ऐकून घेणारं माणूस तुला मिळो."